आखाजीचा डबा: ओव्हनच्या नोंदी, माघ ते चैत्र–वैशाख

९ फेब्रुवारी २०२५, अमळनेर

३० एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. दोन्ही नणंदा माहेरी येतील आणि परत निघताना त्यांच्या पिशवीत डबा जाईल. दरवर्षी त्यात बेकरीत भाजून आणलेली नानकटाई असते. यंदा तो डबा घरच्या ओव्हनमधून भरायचा, एवढंच हे काम. अटी दोन. आजपासून आखाजीपर्यंत शेतात आणि बाजारात जे नवं निघेल ते वापरायचं. आणि जे केलं ते एप्रिलअखेरच्या उन्हात, एसटीच्या रॅकवर, नाशिक-सुरतेपर्यंत शाबूत पोचलं पाहिजे.

दुसरी अट जड आहे. बेकिंगचे व्हिडिओ पाहिले की वसंत म्हणजे स्ट्रॉबेरी, मऊ क्रीम आणि लोण्याचे थर. आपल्याकडे महाशिवरात्रीला पंखा लागतो, पाडव्याला पारा चाळिशीला टेकतो आणि लोणी ओट्यावर ठेवून फोन घेतला तर परत येईस्तोवर त्याचं तेल झालेलं असतं. त्यामुळे इथल्या हवेत काय चालतं ते आपणच शोधायचं.

हाताशी काय काय येणार ते आत्ताच दिसतंय. सोलाणे (हिरवे हरभरे) आणि भरताची वांगी उतरणीला लागलीत. चिंचा झाडावर तयार आहेत. दादर ज्वारी पंधरा-वीस दिवसांत कापणीला येईल, मग गहू. केळी काय, बारमाही. पाडव्यानंतर कैरी, आणि अगदी शेवटी नदीकाठचं खरबूज.

ओव्हन ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे, २८ लिटरचा. आत वेगळा थर्मामीटर टांगून पाहिला: बटणावर १८० लावलं की आत १६५ च्या पुढे काटा जात नाही. खालच्या नोंदींत आकडे थर्मामीटरचे आहेत, बटणाचे नव्हेत.

१२ फेब्रुवारी

भरताची वांगी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, हातात धरलं की जड लागणारं. २२० अंशांवर पाऊण तास ठेवलं, मधे एकदा उलटवलं. गर छान मऊ झाला, साल सुटली, आणि चव उकडलेल्या वांग्याची आली. कपाशीच्या काड्यांचा धूर नाही तर भरीत नाही. ओव्हनला हे काम सांगण्यात अर्थ नाही. उरलेली वांगी दिरांनी शेतात नेऊन काड्यांवर भाजली, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीशी संपली. विषय बंद.

१६ फेब्रुवारी

सोलाण्यांच्या भाजक्या करंज्या. पारी गव्हाच्या पिठाची, कडकडीत तेलाचं मोहन. आत सोलाणे जाडसर वाटून, ओली लसूणपात, हिरवी मिरची, शेंगदाण्याचा कूट. १९० वर २५ मिनिटं, वरून तेलाचा हात.

संध्याकाळी चहाबरोबर इतक्या चांगल्या लागल्या की मुलांनी ताटलीत ठेवल्या नाहीत. बाजूला काढून ठेवलेल्या दोन सकाळी पाहिल्या: पारी लोळागोळा. सारणातलं पाणी रातोरात पारीत उतरलं होतं. तळलेल्या करंजीतही उतरतं, पण तिच्या पारीत तेल जास्त मुरलेलं असतं म्हणून ती जरा तग धरते. घरी खायला उत्तम, डब्याला नाही.

यावरून पुढची दिशा ठरली. डब्यात जाणाऱ्या वस्तूतलं पाणी एकतर पूर्ण काढायचं, नाहीतर साखरेत-गुळात इतकं बांधायचं की ते हलणार नाही. आपल्या आयांनी बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया आणि मुरंबे याच हिशेबाने केले. फरक इतकाच की माझ्याकडे गच्चीबरोबर एक लोखंडी पेटीही आहे.

१९ फेब्रुवारी

संध्याकाळी सात ते नऊ ओव्हन लावायचा नाही. त्या वेळात व्होल्टेज पडतं. २३० चं २०० झालं तर हीटरची ताकद पाऊणपटीवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १७० गाठायला नेहमी लागतो त्याच्या दीडपट वेळ गेला आणि बिस्किटं भाजायच्या ऐवजी शिजली. यापुढे सगळं भाजणं पहाटे. त्या वेळी स्वयंपाकघरही गार असतं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. ओव्हनमध्ये फक्त रताळी, सालासकट, २०० वर तासभर. सालीतून पाक बाहेर येऊन ट्रेला चिकटला तो मुलीने खरवडून खाल्ला. कवठाचा गर गूळ घालून ठेवला, तो तसाच बरा.

२ मार्च

नवी दादर घरी आली. मोठ्या चुलतसासऱ्यांकडची, तापीकडच्या काळ्या जमिनीतली. पावसाळा संपता संपता पेरायची, पुढे जमिनीत मुरलेल्या ओलीवरच ती उभी राहते आणि थंडी सरता सरता कापणीला येते. दाणा मोत्यासारखा, पीठ पांढरंशुभ्र आणि किंचित गोड. गिरणीवाल्याला आधी कोणाचं तरी ज्वारीचंच दळण होऊ दे म्हणून सांगितलं, म्हणजे गव्हाची भेसळ होत नाही.

ज्वारीत गव्हासारखा चिकट तंतू नाही. म्हणून तिचा पाव फुगत नाही, केक भुसभुशीत होऊन हातात सांडतो. यूट्यूबवर यावर उपाय म्हणून परदेशी गोंदाची पुडी सांगतात. पण भाकरी करणारी कुठलीही बाई गोंद न घालता हेच पीठ परातीत थापते आणि ते फाटत नाही. कारण ती उकळतं पाणी घालते. सत्तर अंशांच्या आसपास ज्वारीतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो, आणि तोच पिठाला धरून ठेवतो. मग बिस्किटांनाही तेच करायचं.

पहिलं माप कळण्याचं घेतलं, कारण उडदाचा चिकटपणा मदतीला येतो आणि चव तर आमच्या जिभेवर बसलेलीच आहे. दादरीचं पीठ २०० ग्रॅम, सालासकट उडदाचं पीठ ५० ग्रॅम, मीठ, दोन चमचे तीळ, ठेचलेला लसूण, नंदुरबारच्या लाल मिरचीचं भरड तिखट, ४० मिली शेंगदाण्याचं तेल. पिठात आधी तेल चोळलं, मग २२० मिली उकळतं पाणी, झाकून पंधरा मिनिटं. नंतर हाताला सोसेल तितपत गरम असतानाच मळलं.

मळताना पीठ आधी तळहाताला चिकटतं, मग अचानक सोडतं. त्या क्षणी थांबायचं. अजून मळलं तर गार होतं आणि कडेला भेगा पडायला लागतात. दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये लाटलं, सुरीने शंकरपाळ्यासारखं कापलं, काट्याने टोचलं. १६० वर २५ मिनिटं.

वरून खमंग, मध्ये चिवट. रंग आणखी गडद होऊ दिला तर लसूण कडू होतो. म्हणजे भाजणं झालं होतं, वाळणं राहिलं होतं. ही दोन कामं वेगळी आहेत.

४ मार्च

तेच माप, दोन टप्पे. १६० वर २० मिनिटं, मग आतला काटा १०० वर आणून दाराच्या फटीत लाकडी उलथनं अडकवून अर्धा तास. वाफेला बाहेर पडायला वाट हवी. दार बंद ठेवलं तर तीच वाफ आत फिरत राहते.

आता दोन बोटांत धरून मोडलं की टक् असा आवाज येतो आणि कड सरळ तुटते. सासूबाईंनी एक तोंडात टाकलं, दुसरं पदराला पुसून उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाई बिस्कीट नही व माय, हाई ते बिबडं शे. भट्टीमा भुंजेल."

बरोबर आहे. वस्तू क्रमांक एक पक्की. नाव डब्यावर ‘बिबडं-बिस्कीट’ लिहिणार.

८ मार्च

चिंचा उतरवल्या. अंगणात गोणपाटावर पसरल्या, आणि दुपारभर शेजारच्या काकू, सासूबाई, मी, फोडत बसलो. टरफल, शिरा, चिंचोके वेगळे. नवी चिंच तांबूस आणि ओलसर असते. मीठ लावून गोळे केले, दोन दिवस ऊन देऊन बरणीत. थोडी बिनमिठाची बाजूला, केकसाठी.

केकमध्ये चिंच, यावर काकूंनी भुवया वर केल्या. कारण साधं आहे. खायच्या सोड्याला फुगायला आंबट लागतं. पाककृतींत त्यासाठी व्हिनेगर किंवा दही सांगितलेलं असतं. बेकिंगवाले ‘क्रीम ऑफ टार्टर’ नावाची जी पांढरी पूड महागात घेतात, ती टार्टारिक आम्लाचाच क्षार. आणि चिंचेचा आंबटपणा मुख्यतः त्याच आम्लाचा. मग अंगणातल्या झाडाखाली उभं राहून पुडी कशाला मागवायची?

९ मार्च

केळीचा केक. रावेरकडून आलेल्या घडाची खालची फणी, साल काळी पडलेली. विकायला जमत नाही, फेकवत नाही, अशी केळी आमच्याकडे कायम असतात. कच्च्या केळीतला स्टार्च पिकताना साखरेत बदलतो, त्यामुळे जितकं काळं तितकं गोड आणि तितकं पातळ. साखर कमी लागते, पाणी मात्र सांभाळावं लागतं.

माप: कुस्करलेला गर ३०० ग्रॅम, गव्हाचं पीठ २०० ग्रॅम, किसलेला गूळ १२० ग्रॅम, तेल ८० मिली, दाट चिंचेचा कोळ दोन मोठे चमचे, सोडा पाऊण छोटा चमचा, चिमूट मीठ, जायफळ, भरडलेले शेंगदाणे मूठभर. चिंचेचा कोळ ओल्या मिश्रणात, सोडा कोरड्या पिठात. दोन्ही एकत्र झाले की लगेच फसफसतं, तेव्हा ओव्हन आधीच तापलेला हवा. भांडं हातात घेऊन गप्पा मारायच्या नाहीत. १७० वर ५० मिनिटं.

रंग गडद तपकिरी, जवळजवळ काळ्या गुळाचा. फुगला चांगला. चिंच वेगळी कळत नाही, फक्त केळीची गोडी घशाशी बसत नाही, पुढचा तुकडा घ्यावासा वाटतो. घरातल्या सगळ्यांचं मत एकच, म्हणजे आमच्याकडे दुर्मीळ गोष्ट.

एक तुकडा झाकणाच्या डब्यात ओट्यावर ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी वरचा भाग चिकट, चौथ्या दिवशी वास बदललेला. या हवेत एवढं पाणी असलेली वस्तू प्रवासाला पाठवता येत नाही. केळीचा केक नणंदा आल्यावर घरी, ताजा.

१४ मार्च

काल होळी, आज धूळवड. काम नाही. पळसाची फुलं रात्री भिजवली होती, सकाळी त्या पाण्याने रंग खेळले. मुलांच्या गळ्यात साखरेचे हार, हातात कंगन. संध्याकाळपर्यंत निम्मे चाटून झाले, उरलेले डब्यात. पाडव्याला गुढीची गाठी येईल, तीही यातच पडेल. दर वर्षी जूनमध्ये मुंग्या लागल्यावर ही साखर आठवते. यंदा तिला काम मिळणार आहे.

२१ मार्च

कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचा चीक काढला. नवा गहू भिजवून रोज पाणी बदललं, तिसऱ्या दिवशी वाटून, चाळून, निवळायला ठेवला. पहाटे वरचं पाणी ओतून दिलं, खाली दह्यासारखा पांढरा थर. त्याचं शिजवणं आणि सोऱ्यातून पाडणं सासूबाईंच्या ताब्यात, त्यात मी लुडबूड करत नाही. एक वाटी गरम चीक, वर तेल आणि तिखट-मीठ टाकून, उभ्या उभ्या खाल्ला. वर्षातून एवढाच.

माझा डोळा चोथ्यावर. चीक म्हणजे बहुतेक स्टार्च. कोंडा आणि तो चिवट तंतू बराचसा चोथ्यात राहतो. एरवी तो म्हशीपुढे जातो. पिळून घेतलेला चोथा ३०० ग्रॅम, दादरीचं पीठ १०० ग्रॅम, ओवा, मीठ, तेल. हाताने ताटलीवर पातळ पसरवून आधी दुपारभर गच्चीवर, मग १५० वर २० मिनिटं. तीन दिवस भिजल्याने किंचित आंबूस चव आपोआप आली आहे. कुरकुरीत, पण कडेचे तुकडे पडतात. डब्यात दिसायला बरे दिसणार नाहीत. घरात मात्र चहाच्या वेळी हेच आधी संपतात. म्हैस नाराज.

३० मार्च

पाडवा. कडुनिंबाचा मोहोर, गूळ, जिरं, भिजवलेली हरभराडाळ यांची गोळी सगळ्यांनी नाक मुरडत खाल्ली.

दुपारी नानकटाई. हार-कंगन आणि गाठी मिक्सरला फिरवून चाळल्या. बारीक, कोरडी, एकसारखी पिठीसाखर निघते. लाल-पिवळ्या हारांमुळे रंग जरा फिका गुलाबी, तो भाजताना जातो. तूप ९५ ग्रॅम, ही साखर ८५ ग्रॅम, गव्हाची बारीक पिठी १०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, वेलची.

अडचण तुपाची. स्वयंपाकघरात ३५ अंश, तूप पातळ पाण्यासारखं. तसंच वापरलं तर गोळे ट्रेवर पसरून एकमेकांना मिळतात. तूप रवाळ गोठलेलं हवं, म्हणजे फेसताना त्यात हवा अडकते आणि तीच नानकटाईला भेगा आणते. फ्रिजमध्ये ठेवलं तर दगड होतं. शेवटी तुपाचं पातेलं माठाखालच्या ओल्या वाळूत तासभर रोवलं. दाणेदार गोठलं, बोट सहज रुतेल इतकं. हा बेत सासूबाईंचा, पूर्वी फ्रिज नसताना लोणी असंच ठेवत.

१५० वर २२ मिनिटं. काढताना मऊ असतात, हात लावायचा नाही, गार होऊ द्यायचं. भेगा पडल्या, तोंडात टाकल्यावर विरघळते. गव्हाच्या पिठीमुळे बेकरीच्या मैद्याइतकी पांढरी नाही.

३ एप्रिल

आमच्या गल्लीतल्या बायका बेकरीवर जायला लागल्या. परीक्षा संपत आल्या की हे सुरू होतं: घरून रवा, मैदा, साखर, डालडा किंवा तूप घेऊन जायचं, मोठ्या परातीत मळून मिळतं, पत्र्याच्या ट्रेवर साच्याने पाडायचं, चिठ्ठीवर नाव लिहून भट्टीत. स्टीलचे डबे घेऊन नंबर लावून बसायचं. मी काकूंबरोबर गेले, मुद्दाम भट्टी पाहायला.

भट्टी विटांची, खोल, एकदा तापली की तासन्‌तास तापमान सोडत नाही. एका वेळी दहा-बारा ट्रे आत. लांब दांड्याच्या फावड्याने भट्टीवरचा मुलगा ट्रे ढकलतो, मागचे पुढे आणतो, आणि घड्याळाकडे एकदाही बघत नाही. त्या भट्टीतली नानकटाई माझ्यापेक्षा एकसारखी भाजली जाते, हे मान्य. विटा सगळीकडून उष्णता देतात. माझ्या पेटीत वर-खाली दोन सळया. पण तूप-साखर आपल्या हातची, आणि पाच किलोच्या खाली तिथे कोणी विचारत नाही. मला पाव किलोचे प्रयोग करायचे आहेत.

५ एप्रिल

भाचा सप्तशृंगीला पायी निघाला. चैत्र पौर्णिमा १२ तारखेला. खान्देशातून वणीच्या गडाकडे पायी जाणाऱ्यांची रांग धुळे-मालेगावच्या रस्त्याला लागली आहे. त्याच्या झोळीत बिबडं-बिस्किटांची एक पिशवी आणि नानकटाईची एक दिली. उन्हात, घामात, पाठीवर. याच्याहून कडक परीक्षा नाही.

६ एप्रिल

वरण-बट्टी, रामनवमी म्हणून. ओव्हन सगळ्यात शोभतो तो या कामाला, आणि याचा आधी विचार केला नाही कारण बट्टी घरात कोणालाच ‘बेकिंग’ वाटत नाही. शेतात ती गोवऱ्यांच्या आरात भाजतात. घरी उकडून, कापून तळतात. भरड गव्हाचं पीठ, त्यात थोडं मक्याचं, ओवा, हळद, मीठ, मुठीत धरल्यावर गोळा टिकेल इतकं तेलाचं मोहन, घट्ट मळून अर्धा तास. २०० वर ३५ ते ४० मिनिटं, मधे उलटवून. वरच्या सालीला चीर पडली आणि टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाली. फोडून तुपात बुडवली. सोबत तुरीचं वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी.

गोवरीचा वास नाही, पण भरतासारखं इथे काही हरवत नाही. बट्टीची मजा सालीच्या कडकपणात आहे, ती ओव्हन देतो. तेलही वाचतं. अर्ध्या बट्ट्या पळसाच्या पानांत गुंडाळून भाजल्या. पान करपून गळून पडतं, त्याच्या शिरांचा ठसा वर राहतो. नणंदांसाठी घरी करायच्या पदार्थांत हे लिहिलं.

९ एप्रिल

चोपड्याच्या पुढून, सातपुड्याच्या पायथ्याकडून, ओळखीच्यांनी मोहाची फुलं पाठवली. पहाटे झाडाखाली पडलेली वेचायची असतात. भिजवून, वाटून बट्टीच्या पिठात घातली. गोड लागतात, साखर कमी पडत नाही. वास मात्र घरभर. मला आवडला, नवऱ्याला नाही, सासूबाई म्हणाल्या मुलांना देऊ नको. उरलेली वाळवून ठेवली.

१५ एप्रिल

भाचा परत. नानकटाईचा चुरा, तो त्याने दुधात घालून खाल्ला. बिबडं-बिस्किटं शेवटच्या मुक्कामापर्यंत कुरकुरीत, आणि बरोबरच्यांनी मागून घेतली. चुरा होण्याचं कारण पिशवी. डब्यात रचून दिली तर पोचेल.

१९ एप्रिल

गावरान कैरी. पारा ४२ च्या पुढे, दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही.

ताजी कैरी केकमध्ये घालून पाहावी असं मनात होतं, पण पाण्याचा तोच प्रश्न. त्यापेक्षा गुळांबा. कैरी सोलून किसली, ५०० ग्रॅम किसाला ४०० ग्रॅम गूळ, जाड बुडाच्या कढईत. आधी गूळ पाणी सोडतो, कीस त्यात पोहतो. मग पंधराएक मिनिटांनी कीस पारदर्शक होतो, पाक घट्ट होतो, पळीवरून थेंब सुटायचा थांबतो आणि पडदा धरून लोंबतो. कैरीत पेक्टिन भरपूर आणि आंबटपणाही; गुळाशी मिळून ते आटतं तसं जेलीसारखं बसतं. नेहमीच्या गुळांब्यापेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त आटवला. शेवटी वेलची, चिमूट मीठ.

नानकटाईच्या गोळ्याला अंगठ्याने खळगा, त्यात अर्धा चमचा गुळांबा, १५० वर २२ मिनिटं. गुळांबा उतू गेला नाही, पसरला नाही, कडेला जरासा कॅरमेल झाला. आंबट-गोड मध्य आणि तुपाची कड. रात्री एक डबा झाकून ठेवला. सकाळी खळग्याच्या भोवती ओल नाही. साखरेने पाणी धरून ठेवलंय. वस्तू क्रमांक दोन. हिच्यासमोर साधी नानकटाई फिकी पडली, ती यादीतून काढली.

२४ एप्रिल

खरबूज. फोडून खाल्लं, ओव्हनचा त्याच्याशी संबंध नाही. बिया मात्र धुऊन, फडक्यावर चोळून, गच्चीवर. दोन तासांत खडखडीत. बिबडं-बिस्किटांवर लाटण्याने दाबून बसवल्या. तिळापेक्षा देखण्या दिसतात.

२९ एप्रिल

पहाटे चारला ओव्हन लावला, उन्हं यायच्या आत सगळं उरकलं. बिबडं-बिस्किटं दोन डबे, गुळांब्याची नानकटाई दोन डबे, थरांमध्ये बटर पेपर. डबे पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही, हे मुलीला दोनदा सांगितलं.

नणंदा दुपारी आल्या. संध्याकाळी चिंच घातलेला केळीचा केक. धाकटीने कृती लिहून घेतली, थोरलीने दोन तुकडे जास्त घेतले.

३० एप्रिल

आखाजी. घागर पुजली, घागरीवर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. जेवणात आमरस, कुरडया, भजी आणि खापरावरच्या पुरणपोळ्या, म्हणजे मांडे.

मांड्याचं पीठ थोरल्या नणंदेने भिजवलं. बारीक पिठी मिठाच्या पाण्यात मळून, आपटून आपटून, तासभर. मिठाने गव्हातला तो चिवट तंतू आवळतो आणि ताणला तरी तुटत नाही. पुरण भरून लाटली, मग दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंत झुलवत झुलवत वाढवली. आरपार सासूबाईंच्या पातळाची किनार दिसत होती. एका झटक्यात पालथ्या खापरावर. ओव्हन कपाटावर होता आणि कोणाला त्याची आठवण झाली नाही.

४ मे

थोरलीचा नाशिकहून फोन: दोन्ही डबे नीट पोचले, एकही नानकटाई फुटली नाही. बिबडं-बिस्किटं जावेच्या हाती लागली, निम्मी उरलीत. धाकटीच्या घरी लसूण चालत नाही, हे माझ्या ध्यानात होतं. तिच्या डब्यात जिरं-मिरी घातली होती, ती तिला लसणाच्याहून आवडली. पुढच्या वेळी दोन्ही करायच्या.

बिबडं-बिस्किटांत उडीद ५० ग्रॅमवरून ६० वर नेला की कडा कमी तुटतात, तेवढा बदल वहीत केला. कैऱ्या अजून पंधरा दिवस मिळतील, गुळांबा आणखी दोन बरण्या करून ठेवते. बिनमिठाची चिंच संपली. उद्यापासून शेवयांचं मशीन आपल्याकडे आहे, ते असेपर्यंत ओव्हनला सुट्टी.